भरपाई की मदत?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हवामानबदलावर जगात ज्या परिषदा भरतात त्यांविषयी मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. दरसाल हजारो माणसे विमानाने जमतात, दोन आठवडे बोलतात आणि परत जातात. त्यातून निघते काय, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटत असेल. म्हणून साऱ्या परिषदांचा इतिहास न सांगता मी एकाच मागणीची हकिकत सांगते.

प्रशांत महासागरात वनुआतू नावाचा देश आहे. ऐंशीएक बेटे आणि वस्ती अवघी तीन लाखांच्या आसपास. १९९१ साली हवामानाच्या कराराचा मसुदा तयार होत असताना या देशाने द्वीपराष्ट्रांच्या वतीने एक सूचना मांडली. समुद्र चढून ज्यांची जमीन जाईल त्यांच्यासाठी विम्याचा निधी असावा, आणि त्याचा हप्ता ज्यांनी कारखान्यांच्या धुरावर संपत्ती मिळविली त्या राष्ट्रांनी भरावा. १९९२ साली रिओ येथे करारावर सह्या झाल्या. त्यात विम्याचा शब्द ओझरता आला. निधी काही आला नाही.

श्रीमंत राष्ट्रांची अडचण पैशांपेक्षा शब्दाची अधिक होती. वरच्या मजल्यावरची टाकी वाहून आपल्या भिंतीला ओल आली, आणि वरच्या बाईंनी “घ्या हो, रंगाला होतील” म्हणून पैसे दिले, तर ती मदत. “माझ्या टाकीमुळे झाले” म्हणून दिले, तर ती भरपाई. नोटा त्याच; पण पुन्हा ओल आली तर हक्काने जिना चढता येतो तो दुसऱ्या रीतीतच! म्हणून तो शब्द त्यांना नको होता.

मार्च २०१५ मध्ये जपानातील सेंदाई येथे आपत्तिनिवारणाची जागतिक परिषद भरली. वनुआतूचे राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल तेथे असतानाच ‘पाम’ चक्रीवादळ त्यांच्या देशावर आदळले. जड अंतःकरणाने त्यांनी त्या व्यासपीठावरूनच मदतीची याचना केली. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नापैकी साठ टक्क्यांहून अधिक एवढे नुकसान झाले होते. आपल्यापैकी ज्यांची माहेरे श्रीवर्धन-मुरूडकडे आहेत त्यांना जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ आठवत असेल. सुपारीची वाडी एका दुपारी आडवी होते, पण नवे झाड धरते व्हावयास किती वर्षे लागतात हे त्यांना मी सांगावयास नको.

त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसचा करार झाला. ‘हानी व नुकसान’ यांस स्वतंत्र कलम मिळाले खरे, परंतु सोबतच्या ठरावात स्पष्ट लिहून घेतले गेले की, या कलमावरून कोणास भरपाई मागता येणार नाही.

या परिषदांत बहुमताने निर्णय होत नाहीत. सर्वांची संमती लागते. म्हणूनच कामे रखडतात. पण म्हणूनच लहानशा बेटालाही अमेरिकेच्या बरोबरीने अडून बसता येते. २०२२ च्या पुरात पाकिस्तानात सतराशेहून अधिक माणसे दगावली, नुकसान तीस अब्ज डॉलरांच्या घरात गेले. त्या वर्षी विकसनशील राष्ट्रांचे पुढारपण त्याच देशाकडे होते. ईजिप्तमधील परिषद शुक्रवारी संपावयाची ती रविवारी पहाटे संपली, आणि निधीचा ठराव झाला. एकतीस वर्षांनी! पुढल्या वर्षी दुबईस वचने मिळाली ती सत्तर कोटी डॉलरांच्या आसपास. तीस अब्जांच्या एका पुरापुढे ती किती, हा हिशेब घरखर्च चालविणाऱ्या आपण सहज करू शकतो.

भारत या सभांत मागणाऱ्यांच्या बाकावर बसतो, आणि माणशी धूर पाहिला तर ते रास्तही आहे. पण कोळसा जाळण्यात चीनच्या खालोखाल आज आपणच आहोत. उद्या त्या बेटांनी आपल्याही दाराशी येऊन विचारले, तर मला तरी त्यात वावगे वाटणार नाही.

निधीने भागत नाही हे वनुआतूही जाणून होता. २०१९ साली तेथील विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या सरकारने तो उचलून धरला, २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील न्यायाधीशांनी एकमताने मत दिले: हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईही देणे लागू शकते. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. तरी १९९१ पासून जो शब्द कागदावर येऊ दिला जात नव्हता, तो आता न्यायालयाच्या कागदावर आला आहे.

मागच्या टेबलावर नकाशा ठेवला आहे. वनुआतू ऑस्ट्रेलियाच्या उजव्या हातास सापडेल. मी पेन्सिलीने खूण केली आहे.