ठोसेघरचे पाणी

सांगलीकरांच्या दृष्टीने सातारा हे बहुधा वाटेवरचे गाव. पुण्यामुंबईकडे जाताना गाडी थांबावी, कंदी पेढ्यांचा पुडा घ्यावा आणि पुढे चालू लागावे, इतकाच पुष्कळांचा त्याच्याशी संबंध. वस्तुतः साताऱ्याच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटरांवर ठोसेघरचा धबधबा आहे, आणि त्याचे सांगलीशी असलेले नाते पेढ्यांहून फार निकटचे आहे.

सांगलीच्या गावभागातील एक दांपत्य २०२२ सालच्या श्रावणात तेथे जाऊन आले. गृहस्थ हळदपेठेत दिवाणजी. उभा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेलेला. घर जुने, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २००५ सालच्या महापुरात भिंतीवर जेथवर पाणी चढले, तेथे त्यांनी खिळ्याने रेघ ओढून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टात पाणी वाढू लागताच त्या रेघेच्या वर हातभर जागा सोडून सगळे सामान फळ्यांवर रचले आणि दोघे नातलगांकडे गेली. हिशेब चोख होता. नदीला मात्र तो ठाऊक नव्हता. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. फळीवरच्या ट्रंकेत बाईंच्या आईने स्वहस्ते लिहिलेली ओव्यांची वही होती. चिखलातून निघाला तो नुसता लगदा. त्या दिवसापासून बाईंनी घाटाकडे जाणे सोडले. पावसाळ्यात यजमान रोज सकाळी पुलावरची पातळी पाहून येत. तो आकडा घरात उच्चारायचा नाही, असा अलिखित नियमच झाला. २०२१ साली पुन्हा पूर आला, आणि तो नियम अधिकच कडक झाला.

सहलीची कल्पना यजमानांची. "अगं, पाणी पाहायला नव्हे, डोंगर पाहायला जाऊ," अशी त्यांनी मखलाशी केली. ती बाईंना कळली नाही असे नाही. तरी त्या निघाल्या. दशम्या, लसणीची चटणी आणि भडंगाची पुडी एवढी शिदोरी घेऊन दोघांनी पहाटेची एस. टी. गाठली.

साताऱ्याहून ठोसेघरला जाताना वाटेत सज्जनगड लागतो. समर्थांची समाधी या गडावर आहे, आणि पायथ्याशी उरमोडीच्या धरणाचे पाणी पसरलेले असते. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे बाईंनी गाडीतूनच हात जोडले. पुढे घाट चढून गेले की हवा पालटते. अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते.

पहिला अर्धा तास त्यांना धबधबा दिसलाच नाही. दरी धुक्याने काठोकाठ भरलेली; केवळ आवाज येत होता. ज्यांनी रात्री पुराचा आवाज ऐकला आहे, त्यांना असा न दिसणारा आवाज सुखाचा वाटत नाही. बाई कठड्यापासून चार पावले मागेच उभ्या राहिल्या. मग वाऱ्याने धुके सारले आणि समोरचा काळा कडा उघडा पडला. एका धारेचा नव्हे, अनेक धारांचा हा धबधबा आहे. सह्याद्रीचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. थरावर थर साचून घडलेला. त्यांतले काही थर कणखर, काही सच्छिद्र व ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा कणखर थर आधार सुटून कोसळतो, आणि कडा उभाच्या उभा राहतो. कित्येक तरुण छायाचित्राच्या हौसेने कठड्याबाहेर जातात. त्यांनी हा खडक कसा तुटतो एवढे जरी ध्यानात घेतले तरी पुरे. शेवाळाची गोष्ट तर वेगळीच.

"अहो, हे पाणी पुढं जातं कुठं?" बाईंनी विचारले.

यजमान क्षणभर घुटमळले. परंतु जमाखर्चाच्या माणसाला खोटी नोंद करवत नाही. ते म्हणाले, "ही तारळी. उंब्रजला कृष्णेला मिळते. मग कऱ्हाडला कोयना येते. आणि मग आपला घाट."

"म्हणजे हेच ते."

"त्यातलं. सगळं नव्हे."

मग त्यांनी तो सारा हिशेब मांडला. तारळीवर खाली पाटण तालुक्यात धरण आहे. कोयनेचे धरण त्याहून कितीतरी मोठे, १०५ टीएमसीचे. ते भरल्यावर वरून येणारे पाणी खाली सोडावेच लागते. शिवाय हरिपूरला वारणा येऊन मिळते. तीही फुगलेली असली की कृष्णेचे पाणी सांगलीत तुंबते. एकट्या कोणाच्या माथी खापर फोडावे, असा हा व्यवहार नाही. बाई ऐकत होत्या. आकड्यांचे त्यांना वावडे. पण हे आकडे त्यांनी तोडले नाहीत. धुके पुन्हा दाटले, तेव्हा त्या कठड्याला हात लावून उभ्या होत्या.

"वही नेली त्यात याचाही वाटा असणारच," त्या म्हणाल्या, आणि दशम्यांचे फडके सोडायला बसल्या. जेवताना त्यांनी आईच्या दोन ओव्या म्हटल्या. तिसरीचा शेवट आठवेना. यजमानांनी खिशातली टिपणवही काढून आठवल्या तेवढ्या उतरून घेतल्या.

परतीची वाट जवळजवळ पाण्याच्याच वाटेने जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उंब्रजला तारळी ओलांडावी लागते, कऱ्हाडला कोयना. उंब्रजच्या पुलावर बाईंनी खिडकीची काच सरकवून खाली पाहिले. मळकट, संथ पाणी. सकाळचा तो शुभ्रपणा कोठेच नाही. इस्लामपूर मागे पडेतो अंधार झाला होता. सांगली जवळ आली तेव्हा यजमानांना डुलकी लागली होती. बाईंनी त्यांना हलवून जागे केले आणि विचारले, "सकाळी पुलावर किती फूट होतं?"