नोकरीच्या जागी होणारा भेद
(वैराग येथे दिलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांची मुले बार्शीस, सोलापुरास नोकरीला जातात. आपण धम्मदीक्षा घेतली. परंतु ज्या कचेरीत वा कारखान्यात ती पाऊल ठेवतात, त्याने काही दीक्षा घेतलेली नाही. तेथे भेद कोणते सोंग घेऊन येतो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण घ्या. आपली माणसे तेथे सूतकताईत राबत. परंतु जेथे पगार अधिक, त्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद असे. कारण काय? कांडीवरचे सूत संपले की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकरास चालत नसे. बंदी जातीची, पण नाव कामाच्या रीतीचे! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हे खाते आपल्या लोकांस खुले करण्याची मागणी धरून लावली. मालकाशी झगडणारे कामगारच आपल्या सोबत्यास त्या दाराशी अडवीत होते, हे त्यांनी झाकू दिले नाही.

माझीही एक गोष्ट सांगतो. वकिलीच्या आरंभी मी एका कचेरीत उमेदवारी केली. माठापाशी माझा पेला निराळा असे. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तुम्हाला वरचेवर सर्दी होते ना!" मला सर्दी कधी झालीच नव्हती. कायद्याची पदवी पदरी असून मी दोन वर्षे गप्प राहिलो.

आता कायदा ऐका. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे अधिनियम १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने चालतो. त्याच्या ४ थ्या कलमात व्यवसाय आणि नोकरी येते. १२ वे कलम मात्र घरोघर ठाऊक असावे. अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध या अधिनियमाखालील अपराध ठरणारे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचे ओझे समोरच्यावर. धर्मांतरामुळे हे संरक्षण सुटले असे कोणी सांगेल, तर त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा. तिने अनुसूचित जातींतील बौद्धांस तेच स्थान दिले.

परंतु कृत्य घडले, हे आपणांसच दाखवावे लागते. सोबतचा नोकर साक्षीस सहसा येत नाही. त्यालाही चूल आहे. म्हणून त्याच संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. माझ्या त्या दोन वर्षांची अशी एकही ओळ माझ्यापाशी नाही.