वकिलात कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परराष्ट्र-धोरण हा विषय आपल्या अभ्यासवर्गात निघतो तेव्हा आपण अलिप्ततेविषयी, महासत्तांविषयी आणि शस्त्रस्पर्धेविषयी बोलतो. ते बोललेच पाहिजे. परंतु आज मी बोलणार आहे ते परदेशातल्या आपल्या कचेरीत रोज सकाळी उघडणाऱ्या एका खिडकीविषयी. तिच्यासमोर पासपोर्ट, पगार, तुरुंग आणि मृत्यू यांच्या कागदांसाठी माणसे उभी असतात.

त्या कचेरीला मराठीत 'वकिलात' म्हणतात. शब्द जुना आहे. निजामाच्या दरबारी पेशव्यांचा वकील असे. गोविंदराव काळ्यांसारखा मुत्सद्दी तिथले वर्तमान पुण्यास कळवीत असे. वकील म्हणजे दुसऱ्याची बाजू मांडणारा. तेव्हा तो कोणाची बाजू मांडतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला त्या शब्दानेच दिला आहे.

राजदूतांनी लिहिलेल्या आठवणी वाचल्या तर या प्रश्नाचे उत्तर एकाच अंगाने मिळते. के. एम. पणिक्कर पेकिंगला आपले राजदूत होते. १९५० च्या ऑक्टोबरात एका मध्यरात्री त्यांना झोपेतून उठविण्यात आले व चाऊ एन-लाय यांच्या भेटीस नेण्यात आले. अमेरिकन फौजांनी ३८ वी अक्षांशरेषा ओलांडली तर चीन कोरियात उतरेल, असा निरोप त्यांना मिळाला. पणिक्करांनी तो दिल्लीला कळविला, दिल्लीने पुढे पोहोचविला. वॉशिंग्टनने तो गंभीरपणे घेतला नाही, आणि त्याच महिन्यात चिनी सैन्य खरोखरच उतरले. ही कामगिरी मोठीच. पण अशी रात्र एखाद्याच्याच वाट्याला येते. एरवीचे दिवस वर्तमानपत्रे चाळण्यात, खलिते लिहिण्यात आणि दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सरबराईत जातात. (या पाहुण्यांत आपले लोकप्रतिनिधीही असतात, हे आपसांत कबूल करायला हरकत नाही.) खिडकीला मात्र या आठवणींत फार थोडी पाने मिळतात.

वास्तविक हिंदुस्थानचे परदेशातले प्रतिनिधित्व मेजवानीच्या टेबलावर जन्मलेच नाही. ते मजुरांच्या वस्तीत जन्मले. ऊसमळ्यांवर गिरमिटाने नेलेल्या माणसांचा प्रश्न गोखल्यांनी १९१० साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला, आणि नाताळला होणारी मजूरभरती १९११ मध्ये थांबली. पुढे १९२७ च्या केपटाउन करारानंतर दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून श्रीनिवास शास्त्री गेले. ते पुण्याच्या भारत सेवक समाजाचे. नेमस्त माणूस, इंग्रजी साम्राज्यावर विश्वास ठेवणारा. आपल्या पठडीतला मुळीच नव्हे. तरीही त्यांच्या पदाचे कारण तिथला हिंदी माणूस होता, आणि डरबनचे शास्त्री कॉलेज आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

१९२२ च्या कायद्याखाली सिलोन आणि मलायात असेच एजंट नेमले गेले. मळ्यांवर जाऊन मजुरी, घरे आणि दवाखाने पाहायचे आणि अहवाल धाडायचा, हे त्यांचे काम. १९४१ मध्ये मलायातल्या क्लांग भागात रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजुरांनी संप केला. चिनी मजुरांइतकी मजुरी हवी, ही एक मागणी. आणि गोरा साहेब समोर आला की सायकलवरून खाली उतरण्याची सक्ती बंद करा, ही दुसरी. लष्कर आले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. त्या वर्षी मलायात आपले एजंट होते सुबिमल दत्त. स्वतंत्र भारताचे परराष्ट्र सचिव म्हणून ते १९५५ मध्ये नेहरूंच्या हाताखाली आले. सायकलवरून उतरण्याचा तो प्रश्न दिल्लीच्या त्या खोलीपर्यंत किती पोहोचला असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आजचे मळे आखातात आहेत. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो; तिथल्या कायद्याने मनाई असली तरी असतो. दलालाने गावी दाखविलेला करार एक, तिथे सही करायला लावलेला दुसरा. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा दीड लाखांहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या दिवसांत माणसाला आधी कागद द्यावा लागे आणि मग आसन, कारण पुष्कळांच्या हाती स्वतःचा पासपोर्टच नव्हता. वकिलातीतल्या ज्या कारकुनांनी ते कागद लिहिले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराने परदेशी अटक झालेल्या नागरिकाला भेटण्याचा अधिकार वाणिज्यदूताला दिलेला आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यामुळे आखातातल्या मजुरांचे करार तपासण्याचे काम वकिलातींकडे आले. अधिकार आहेत, माणसे नाहीत. साऱ्या जगासाठी आपल्या परराष्ट्र सेवेत अधिकारी हजाराच्या आसपास. म्हणून खिडकीवरच्या माणसाला दोष देताना मी जरा थांबतो. दोष पुष्कळदा वरचा असतो. आखातात जाणाऱ्या भारतीय मजुरांसाठी किमान वेतनाचे आकडे सरकार ठरवीत असे, आणि त्याखालच्या करारावर वकिलातीने शिक्का मारू नये असा संकेत होता. सप्टेंबर २०२० मध्ये दोन परिपत्रकांनी ते आकडे तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरविले. साथीच्या काळात नोकऱ्या टिकाव्यात, हे कारण. म्हणजे आपल्याच सरकारने आपल्या मजुराची मजुरी पाडली! मजुरांच्या संघटना बोलल्या, तेलंगणच्या उच्च न्यायालयात अर्ज गेला, आणि २०२१ मध्ये परिपत्रके मागे घ्यावी लागली. एका शिक्क्याच्या कामात केवढे राजकारण भरलेले असते ते यात दिसते. आणि आपल्यापैकी कितीजणांनी त्या वेळी एक तरी पत्रक काढले?

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी मी मुक्कामाला होतो. तिथला एक तरुण आखातात इमारतीच्या कामावर वारला होता. प्रेत आणायचे तर वारसाचे संमतिपत्र हवे, पोलिसांचा अहवाल हवा, त्याचा इंग्रजी तरजुमा हवा, रद्द केलेला पासपोर्ट हवा. बापाला वाचता येत नव्हते. कागद पुढे करून त्याने मला विचारले, "भाऊ, ह्यात काय लिवलंय?" त्या नमुन्यात दोन पर्याय होते: प्रेत मायदेशी पाठवा, किंवा तिथेच दफन करा. कंपनी खर्च देईल की नाही ते कोणी सांगितले नव्हते. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून २००९ पासून वकिलातींकडे एक कल्याण निधी आहे, हे त्याला माहीत नव्हते आणि, लाज वाटते सांगायला, मलाही नव्हते. वकिलातीतल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने दूरध्वनीवर ते सांगितले, अर्जाचा मजकूरही त्यानेच सांगितला, आणि तो मी म्हाताऱ्याच्या ओटीवर बसून लिहून घेतला.

तो मजकूर आज मी बरोबर आणला आहे. शिबिर संपल्यावर ज्यांच्या तालुक्यातून माणसे आखातात जातात त्यांनी त्याची नक्कल करून घ्यावी.