आजीबाईचा बटवा आणि शास्त्राची कसोटी



आजीबाईच्या बटव्यावर चार शब्द बोलावेत, असा मंडळाचा आग्रह झाला. बटवा आपणा सर्वांच्या घरी आहे. तेव्हा त्यातील पोटाची औषधे कसोटीला किती उतरली, एवढेच सांगते.

प्रथम ओवा. त्याचा झणझणीत वास थायमॉल या द्रव्याचा. प्रयोगशाळेत त्याने जंतू मरतात. परंतु काचेच्या नळीत जंतू मरणे निराळे आणि माणसाच्या पोटातील वायू सरणे निराळे. ओवा-सैंधव चावून बरे वाटते हा अनुभव खोटा नव्हे. पण माणसांवरील मोठ्या चाचण्यांचा आधार त्याला अद्याप नाही.

आल्याची बाजू बळकट आहे. काही गरोदर स्त्रियांना आले व काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या देऊन अनेक चाचण्या झाल्या. आल्याने मळमळ कमी झाली. उलटी थांबतेच असे मात्र दिसले नाही.

इसबगोलाची भुशी पाणी शोषून फुगते व मल मऊ करते. मलावरोधावर डॉक्टरही ती देतात. पेलाभर पाण्यावाचून मात्र घेऊ नये, घशात अडकते.

आता थोडे कडू बोलते. बाळाला पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग गुटी कशाला? तिच्यातील वेखंडाच्या तेलाने प्राण्यांना कर्करोग झालेला आढळला, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली.

आणि पोट दुखले की एरंडेल, ही सवय सोडा. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली उतरले, ताप आला, तर तो अपेंडिक्सचा दाह असू शकतो. अशा वेळी जुलाब दिल्यास ते फुटण्याचा धोका असतो. तडक दवाखाना गाठावा.

शेवटी आपल्याविषयी. मुलाचे पोट दुखले तर आपण रात्री डॉक्टरांचे दार ठोठावतो. स्वतःचे दुखणे मात्र ‘वायू असेल’ म्हणून चिमूटभर ओव्यावर काढतो. छातीखाली दडपण, घाम आणि दम लागणे ही स्त्रियांत हृदयविकाराचीही लक्षणे असतात. काळी शौचास, घटणारे वजन, आठवडेच्या आठवडे न हटणारी पोटदुखी, यांवर ओवा पुरा पडत नाही. तेव्हा स्वयंपाक तसाच राहू द्यावा आणि आधी तपासून घ्यावे.