रहस्यकथा वाचणाऱ्या बायका काय म्हणतात

(महिला गटांच्या वाचनपेट्या चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बुलढाणा येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनपेटीसाठी पुस्तकांची यादी करताना मागच्या बैठकीत आपला एकाच ठिकाणी खोळंबा झाला. कायद्याच्या पुस्तिका, आत्मकथनं, आरोग्याची पुस्तकं यांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. चिखलीकडच्या एका गटाने मात्र रहस्यकथा मागितल्या आणि आपल्यातल्या काही जणींनी कपाळाला हात लावला. “बायकांच्या प्रेतांवर चालणारा हा धंदा आपण पेटीत कशाला आणायचा?” असं एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच, ज्या बायका ही पुस्तकं खरोखर वाचतात त्यांनाच आधी विचारावं असं ठरलं. गेले काही महिने मी घाटावरच्या आणि घाटाखालच्या गटांमध्ये हेच विचारत फिरते आहे. जे ऐकलं ते तुमच्यापुढे ठेवते.

तरुण मुलींना ही नावं ठाऊक नसतील, म्हणून थोडी माहिती. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईक आले. त्यांच्या कादंबऱ्यांचा आकडा बाराशेच्या पुढे सांगतात. ते २०२१ साली गेले. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) आज ‘दुनियादारी’मुळे माहीत आहेत, पण त्या काळी पोरं जीव टाकत ती त्यांच्या दारा बुलंदवर, मंदार पटवर्धनवर, अमर विश्वासवर. शिवाय घाटाखाली रेल्वे. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्टेशनांमुळे तिकडे हिंदी ‘उपन्यास’ही आले. सुरेंद्र मोहन पाठक यांचा पत्रकार सुनील १९६३ पासून चालू आहे.

यातलं काहीच बायकांसाठी म्हणून छापलेलं नव्हतं. भावाने किंवा दिराने भाड्याने आणायचं, उशाखाली ठेवायचं, आणि तो शेतात गेला की घरातल्या बाईने वाचून पुन्हा जागच्या जागी ठेवायचं, अशी ही वाचकांची जात. साठी उलटलेल्या एक मावशी मला म्हणाल्या, “पुस्तक सांजच्याले परत द्या लागे. म्हून मी पटपट वाचाले शिकली. शाळेनं नाही शिकवलं मले, झुंजारनं शिकवलं.” सातवीत शाळा सुटलेल्या बाईची अक्षरओळख पुढे कशाने टिकली, याचं हे उत्तर साक्षरतेच्या कोणत्याही अहवालात मी वाचलेलं नाही.

आता मतं. बहुतेकींनी आधी कौतुक केलं ते नायक पुन्हा पुन्हा येतो याचं. माणूस ओळखीचा, त्याच्या सवयी ओळखीच्या, घोटाळा तेवढा नवा. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या बाईला आपल्या ओळखीचं कुणीतरी परत येतंय याचं सुख असतं. मेहकरकडच्या एका अंगणवाडीताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या नवऱ्यावरचा पोटगीचा दावा अनेक वर्षं चालला. त्या म्हणाल्या, “मालिकेतला हिरो कधी म्हातारा होत नाही. तारखेला जाऊन जाऊन मी झाले.”

टीकाही भरपूर झाली, आणि ती आपल्या अभ्यासवर्गातल्यापेक्षा नेमकी होती. बाई मुखपृष्ठावर कायम का असते आणि शेवटच्या प्रकरणात कायम खुर्चीला बांधलेली का असते? विधवा दिसली की संशयित का? दारू पिणारी बाई मरणार हे तिसऱ्या पानावरच का कळतं? एकीने तर हिशेब मांडला: नायकाच्या हाताखाली पोरगा असतो, मित्र असतो, नोकर असतो, आणि बायको असली तर ती चहा करते किंवा पळवली जाते. “रात्री-बेरात्री तो उंडारतो, तवा घरी लेकराले कोण पाह्यते, हे एकाही लेखकाले सुचलं नाही,” हे वाक्य जळगाव जामोदच्या बैठकीतलं. त्यावर सगळ्या जणी इतक्या हसल्या की बैठक पाच मिनिटं थांबली.

पण मला हलवून टाकलं ते एका वेगळ्याच मताने. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात लग्नाला चार वर्षं झालेली एक मुलगी विहिरीत सापडली होती. कागदावर आलं, ‘पाणी काढताना पाय घसरून पडली’. अकस्मात मृत्यू. रहस्यकथांचा विषय निघाला तेव्हा तिची शेजारीण, बैठकीत एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली: “पुस्तकात एक माणूस मेला तं शंभर पानं इचारपूस होते. शेवटचं कोनं पाह्यलं, चप्पल कुठं होती, दोर कुठं होता. आमच्याकडं पोरगी इहिरीत सापडली अन् दुपारून घरोघर चुली पेटल्या. बादली तं घरीच होती तिची. मले कोनी इचारलंच नाही.”

बादली घरीच होती, ही गोष्ट पंचनाम्यात नाही. ती बाईच्या लक्षात होती, आणि ती का महत्त्वाची हे तिला भाड्याच्या पुस्तकांनी शिकवलं होतं. रहस्यकथेत दुसरे शंभर दोष असतील, पण तिचा एक नियम मी मान्य करते: तिथे कुणाचंही मरण विचारपूस केल्याशिवाय मिटवता येत नाही. आपल्या तालुक्यांत बाईचं मरण स्टोव्ह, विहीर, साप, फवारणीचं औषध या चार शब्दांत मिटतं.

इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण ते कामाचं आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली असेल किंवा तिच्या मृत्यूबद्दल वाजवी संशय असेल, तर शवविच्छेदनासाठी प्रेत पाठवणं पोलिसांना भाग आहे. या सात वर्षांत तिच्या कुणाही नातेवाइकाने तशी मागणी केली, तरी पुरे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. हुंडाबळीचं ३०४-ब हे कलम १९८६ साली आलं, ते आता भारतीय न्याय संहितेत ८० क्रमांकाने आहे. आकडे बदलले, मागणी करण्याचा हक्क तोच आहे. पंचनाम्याला गावातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी लागतात. ते पुरुषच असावेत असं कायदा म्हणत नाही, तरी विहिरीच्या काठावर पंच म्हणून उभी असलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

जिथे पुस्तक आणि आपलं गाव यांचं जुळत नाही, तेही बायकांनी बरोबर दाखवलं. पुस्तकात खुनी लपलेला असतो आणि हुशार माणूस त्याला शोधून काढतो. गावात तो बहुधा कुणापासूनच लपलेला नसतो. पाहिलेलं सांगणार कोण, इथे गाडं अडतं. शेजारणीला त्याच गल्लीत राहायचं असतं, त्याच घराशेजारून पाणी आणायचं असतं, तिच्या मुलीचं लग्न व्हायचं असतं. काळा पहाड काम झालं की निघून जातो. ती कुठे जाणार?

मध्यंतरी दोन गटांमध्ये आम्ही अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची गोष्ट मराठीतून मोठ्याने वाचली. ही मालिका १९३० सालच्या कादंबरीपासून सुरू झाली, एकूण बारा कादंबऱ्या आहेत. नायिका खेड्यात राहणारी, लग्न न केलेली म्हातारी. विणकाम करत बसते, आणि गावातल्या माणसांच्या खोडी जन्मभर पाहिल्यामुळे तिला खुनी ओळखू येतो. बायकांना ती ताबडतोब पटली. “ही तं आमची सुईण आजी!” पण मग कुणीतरी विचारलं, हिचं पोलीस ऐकतात कसे? याचं उत्तर गोष्टींतच आहे. स्कॉटलंड यार्डचे निवृत्त बडे अधिकारी सर हेन्री तिच्यासाठी शब्द टाकतात. आपल्या सुईण आजीसाठी शब्द टाकणारा सर हेन्री नाही, म्हणून तिने पाहिलेलं तिच्याबरोबरच जळून जातं. ते काम गटाने करायला हवं, असं त्या बैठकीत एकीने सुचवलं. मी वहीत लिहून घेतलं.

टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांबद्दल मात्र बायकांचं मत कडू निघालं. ‘सी.आय.डी.’ १९९८ साली सुरू झाली तेव्हा लहान असलेल्या मुली आज आया आहेत, आणि त्यांना ती गमतीची वाटते. राग आहे तो पुढे आलेल्या ‘सत्यघटनां’वर. कॉलेजला निघालेल्या मुलीला घरात बसवायला सासऱ्यांच्या, भावांच्या हाती आयता पुरावा मिळतो: पाहा, बाहेर काय काय होतं. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी घराच्या आतल्या असतात, हे त्या पाहणाऱ्यांना कोण सांगणार? पुस्तक बाई एकटी वाचते, मनाशी तर्क करते. टीव्ही सगळं घर मिळून पाहतं आणि निकाल घरातला कर्ता देतो. माझ्या मते हा फरक लहान नाही.

ज्यांना अजूनही वाटतं की गुन्ह्याच्या गोष्टी वाचणं हे आपल्या चळवळीच्या परंपरेत बसत नाही, त्यांना आपल्याच गावची आठवण करून देते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते इथे बुलढाण्यात एका बाईने वाचलं आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आली. ताराबाई शिंदे यांनी विचारलं ते हेच, की आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई का उभी आहे, बाकीचे कुठे गेले? पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. गुन्ह्याची बातमी कशी वाचावी, याचा धडा आपल्याला घरचाच आहे.

तेव्हा पेटीत रहस्यकथा ठेवाव्यात असं माझं मत आहे. अर्नाळकर ठेवा, शिरवळकर ठेवा, मराठीतली मार्पल ठेवा. पानोपानी बाईला मारझोड करून मजा घेणारी पुस्तकं नकोत. ती कोणती हे ठरवायला समिती नेमू नका, वाचणाऱ्याच सांगतील. प्रत्येक पुस्तकाबरोबर एक वही ठेवू या. जिने वाचलं तिने एवढंच लिहायचं: या गोष्टीत कुणाला काय विचारलं, आणि कुणाला विचारायचं राहिलं. लिहिता येत नसेल तिच्यासाठी दुसरीने लिहायचं.

आणखी एक, खास वाचकांच्या मागणीवरून. गुरुनाथ नाईकांच्या इतक्या मालिकांमध्ये ‘रातराणी’ ही एक मालिका होती, तिची नायिका रजनी काटकर. शेगाव आणि खामगावच्या जुन्या वाचक बायका तिची आठवण काढतात, पण प्रती कुठे मिळत नाहीत. रद्दीवाल्यांकडे विचारून झालं. तुमच्या माहेरी माळ्यावर, भावाच्या पेटीत वगैरे पडलेल्या असतील तर जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल, शेवटची पानं तेवढी शाबूत हवीत.