जहाजमालकांचे संघ आणि खलाशाचे घर
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



जहाजमालकांच्या व्यापारी संघांविषयी बोलण्याची अनुज्ञा मी चिटणिसांकडे मागितली, तेव्हा त्यांनी किंचित आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. ते योग्यच होते. मी जन्मभर शाळेत मुलांना गणित व भूगोल शिकविला. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आणि समुद्राशी माझा संबंध तो किनाऱ्यावरून पाहण्यापुरता. तथापि आपल्या ज्ञातीत असे घर विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी जहाजावर नाही. तेव्हा हा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा तो माझ्या ओटीवर चालत आला, असे म्हणणे अधिक खरे होईल.

घडले ते असे. काही वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एक माऊली सकाळच्या प्रहरी माझ्याकडे आली. तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. परदेशी मालकाच्या मालवाहू जहाजावर तो खलाशी होता आणि ते जहाज आखातातील एका बंदराबाहेर नांगरून पडले होते. पाच महिने पगार नाही, ताजा शिधा संपत आलेला, मालक निरोपाला उत्तर देईना. मुलाने मोबाइलवर एका इंग्रजी कागदाचे छायाचित्र पाठविले होते. ते माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "गुरुजी, ह्याच्यात काय लिवलाहा ता माका सांगा." मी चष्मा लावून वाचू लागलो. कागदावर पुन्हा पुन्हा एक शब्द येत होता, 'क्लब'. आता क्लब म्हणजे पत्ते कुटण्याची व चहा पिण्याची जागा, याहून निराळा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी तिला खरे तेच सांगितले, की मला हे उमगत नाही, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत जे वाचावयास आरंभ केला, ते वाचन अद्याप चालू आहे.

जहाजमालक हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. एकाच मालावर दोघांची नजर. असे असूनही जगातील कोणत्याही धंद्यात नसतील इतके संघ याच धंद्यात आढळतात. हे लोक एकत्र येऊन करतात काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याची दोन अगदी परस्परविरुद्ध उत्तरे मला मिळाली. कडू उत्तर प्रथम सांगतो, कारण ते आपल्याच देशाच्या अनुभवातून आलेले आहे.

१८७५ साली कलकत्त्याहून इंग्लंडला माल नेणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी आपसांत करार करून भाड्याचे दर एकच ठरविले. यास 'कॉन्फरन्स' असे नाव पडले. नाव सभेचे, काम कोंडी करण्याचे. दोन वर्षांनी त्यास 'लांबणीवरची सूट' ही युक्ती जोडली गेली. ती मुलांना त्रैराशिक शिकविताना सांगावी इतकी सोपी आहे. समजा, एका व्यापाऱ्याने सहा महिन्यांत दहा हजार रुपये भाडे भरले. त्यातील दहा टक्के, म्हणजे एक हजार, सूट म्हणून त्याच्या नावे जमा झाले. पण हाती मिळाले नाहीत. पुढील सहा महिनेही त्याने सगळा माल याच कंपन्यांच्या बोटींतून पाठविला, तरच ते मिळावयाचे. मध्यंतरी एक गाठ जरी त्याने दुसऱ्या कोणाच्या बोटीत चढविली, तरी मागची रक्कम गेली आणि चालू सहामाहीचीही गेली. म्हणजे व्यापाऱ्याच्याच पैशाची बेडी करून ती व्यापाऱ्याच्याच पायात ठोकावयाची! नवी देशी कंपनी निघाली, तिने भाडे कमी सांगितले, तरी तिच्याकडे जावयास कोणी धजत नसे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९३ मध्ये या कोंडीला हात घातला. मुंबईचा कापूस व सूत जपान व चीनकडे नेण्याचा मक्ता तेव्हा पी. अँड ओ., ऑस्ट्रियन लॉइड व एक इटालियन कंपनी यांच्या कॉन्फरन्सकडे होता. जमशेटजी स्वतः जपानला गेले, तेथील निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी त्यांनी करार केला आणि इंग्लंडातून भाड्याने बोटी घेऊन 'टाटा लाइन' सुरू केली. त्याच वर्षी जपानी कंपनीची 'हिरोशिमा मारू' ही बोट कोबेहून मुंबईस निघाली. मग भाड्याचे युद्ध पेटले. टनामागे बारा रुपये आकारणाऱ्या टाटांना हटविण्यासाठी कॉन्फरन्सने तो दर दोन रुपयांच्याही आत आणला. जमशेटजींनी पत्रक काढले, सरकारकडे दाद मागितली. पण ज्या मुंबईकर व्यापाऱ्यांनी आरंभी पाठिंब्याची आश्वासने दिली होती, ते स्वस्त भाडे पाहून एकामागून एक पलीकडे गेले. टाटा लाइन लवकरच गुंडाळावी लागली.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि माझ्या मते हा धडा तीतच आहे. त्याच युद्धात उतरलेली जपानी कंपनी मात्र बुडाली नाही. १८९६ मध्ये कॉन्फरन्सला तिला आपल्या पंक्तीस बसवून घ्यावे लागले. असे का व्हावे? जपानी कंपनी धनाढ्य होती व तिला सरकारचे पाठबळ होते, हे खरेच. परंतु तिच्या मागे आणखी एक शक्ती उभी होती. जपानातील सूतगिरण्यांच्या मालकांचा एक संघ होता, आणि त्या संघाने लिहून दिले होते, की आमचा कापूस याच बोटींतून येईल. कॉन्फरन्सने भाडे पाण्याच्या मोलाने देऊ केले, तरी संघातील गिरणीवाले ढळले नाहीत. आज चार पैसे अधिक मोजले तर उद्या भाडे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे येईल, हा हिशेब त्यांनी केला. आमच्या मुंबईकरांनी केलेला हिशेब त्या दिवशीच्या पावतीपुरता होता. व्यापारात ते कच्चे होते असे कोण म्हणेल? दिलेला शब्द तोटा सोसून पाळावयास लावील असा संघ त्यांच्यापाशी नव्हता, एवढेच.

पुढे १९०६ मध्ये तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने उतारूंचे भाडे पाडले, १९०८ मध्ये पिळ्ळे यांना कारावास घडला आणि १९११ मध्ये कंपनी मोडीत निघाली. एकट्या कंपनीने, मग ती कितीही देशभक्तीने काढलेली असो, या लाटेपुढे टिकणे अशक्य होते.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी, आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांनी सिंदिया कंपनी स्थापिली. त्या वर्षीच्या ५ एप्रिलला तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. सिंदियालाही भाड्याच्या युद्धातून जावे लागले, आणि १९२३ मध्ये दहा वर्षांसाठी असा करार पत्करावा लागला, की किनाऱ्याच्या वाहतुकीपलीकडे पाऊल टाकावयाचे नाही. वालचंदांना हा करार जन्मभर सलत राहिला. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी हिंदी किनाऱ्याची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. ते तेव्हा फलद्रूप झाले नाही. पण या साऱ्या ठेचांतून शहाणपण आले, आणि १९३० च्या सुमारास देशी आगबोटवाल्यांनी मुंबईत आपला स्वतंत्र संघ उभा केला. मोठी सिंदिया व छोट्या छोट्या बोटवाल्या कंपन्या यांचे आपसांत विळ्याभोपळ्याचे सख्य असे. तरी सरकारपुढे एका तोंडाने बोलावे, एवढे त्यांना कळले. स्वातंत्र्यानंतर किनारा राखीव झाला, त्यामागे या एका तोंडाने केलेल्या मागणीचा वाटा मोठा होता. सिंदिया कंपनी पुढे काळाच्या ओघात बंद पडली. संघ मात्र आजही मुंबईत आहे. आणि ज्या कॉन्फरन्सचा एवढा दरारा होता, तिला युरोपच्या वाहतुकीत २००८ मध्ये कायद्याने मनाई झाली. (मोठ्या कंपन्या आता निराळ्या नावांनी जवळीक करतात, तो भाग वेगळा.)

आता त्या 'क्लब'कडे वळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील जहाजमालकांपुढे एक नवे संकट उभे राहिले. जहाज बुडाले तर त्याचा विमा मिळत असे. परंतु आपल्या जहाजाने दुसऱ्यास धडक दिली, किंवा आपल्या जहाजावर माणसे दगावली, तर द्यावयाची भरपाई विमेवाले पुरी भरीत नसत; आणि मृतांच्या वारसांना भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने नुकताच दिला होता. तेव्हा १८५५ मध्ये काही मालकांनी लंडनमध्ये एक परस्पर मंडळ काढले. पद्धत आपल्या भिशीच्या जवळची. सर्वांनी वर्षारंभी वर्गणी भरावयाची. कोणावर आपत्ती आली तर त्या निधीतून द्यावयाचे. निधी अपुरा पडला तर सर्वांकडून पुन्हा मागावयाचे. नफा कोणास नाही. मालकच विमेदार आणि मालकच विमेकरी. हेच ते क्लब. त्यांचे वर्ष आजही २० फेब्रुवारीच्या दुपारी बारा वाजता सुरू होते. बाल्टिक समुद्राचे बर्फ वितळून जहाजे बाहेर पडण्याचा तो काळ, म्हणून ही तिथी पडली असे सांगतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ देऊन होड्या लोटतात, त्याची मला आठवण झाली.

आज अशा बारा प्रमुख मंडळांचा एक महासंघ आहे, आणि जगातील दूर पल्ल्याच्या जहाजांच्या एकंदर टनभारापैकी नऊ-दशांशाच्या जवळपास भार त्याच्या छत्राखाली आहे. फार मोठी भरपाई आली तर ही बाराही मंडळे ती वाटून घेतात. एका मालकाच्या चुकीसाठी दुसऱ्याने, ज्याचे तोंडही त्याने पाहिले नाही, पैसे मोजावयाचे! साहजिकच प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या जहाजावर असतो. गळके जहाज मंडळात घ्यावयास कोणी राजी होत नाही. आपल्या संघाची वर्गणी मागावयास गेले असता 'यात मला काय मिळणार?' असा प्रश्न मी अनेक उंबऱ्यांवर ऐकला आहे. तेव्हा हा व्यवहार वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो, हे कबूल करतो.

पण हे सारे मालकांच्या सोयीचे झाले. त्या माऊलीच्या मुलाशी याचा संबंध काय? संबंध आला तो २००६ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने. भारताने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. जानेवारी २०१७ पासून त्यातील एक कलम असे लागू झाले, की मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर त्यांच्या अन्नपाण्याचा, घरी परतण्याचा व चार महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराचा बोजा उचलणारा हमीदार प्रत्येक जहाजाने आधीच नेमलेला असावा. दोन महिने पगार थकवून मालकाने संबंध तोडला, तर तेही वाऱ्यावर सोडणेच समजले जाते. हे हमीदार बहुतेक ठिकाणी हेच क्लब होत. ते खलाशाचे पैसे आधी देतात आणि मग मालकाच्या मागे लागतात. या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेले असावे लागते, आणि त्यावर हमीदाराचे नाव व पत्ता असतो.

त्या माऊलीच्या मोबाइलवरचा कागद हाच होता. जेवणघराच्या भिंतीवर तो पहिल्या दिवसापासून लावलेला होता, आणि त्याखाली बसून बाराजण पाच महिने डाळभात खात होते. मुलाने त्याचे छायाचित्र काढले तेही कोणीतरी सांगितले म्हणून. मी त्यास कळविले, की यावर जो पत्ता आहे तेथे सर्वांच्या सहीने लिहा, व खलाशांच्या संघटनेलाही कळवा. पत्रव्यवहारात आणखी दोन महिने गेले. पुढे तो विमानाने घरी आला. सात महिन्यांपैकी चार महिन्यांचा पगार मिळाला. तीन महिन्यांचा अद्याप मिळालेला नाही, आणि मिळेल असे मला वाटत नाही. त्याच्या बहिणीचे लग्न त्या पैशावर ठरले होते. ते एक वर्ष पुढे गेले.

आणखी एक बाब अनुभवाने सांगतो. या मुलाने नोकरी मिळविताना एका दलालास मोठी रक्कम मोजली होती, व ती त्याच्या आईने दागिना गहाण ठेवून उभी केली होती. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे कायद्याने वर्ज्य आहे. भरती करणाऱ्याजवळ केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना असावा लागतो, त्यास क्रमांक असतो, व तो क्रमांक पडताळून पाहता येतो. परदेशी जहाजांसाठी भरती करणाऱ्यांचेही मुंबईत संघ आहेत. सभासदाने गैरवर्तन केले तर संघाची अब्रू जाते, म्हणून अशा संघाकडे केलेली तक्रार सहसा केराच्या टोपलीत जात नाही. त्या दलालाजवळ परवानाही नव्हता आणि तो कोणत्या संघाचा सभासदही नव्हता. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा तेथे दुसराच भाडेकरू राहत होता.

जगातील दर शंभर खलाशांत दहाच्या आसपास भारतीय आहेत, असे सांगतात. जगाच्या जहाजांत आपल्या देशाचा वाटा मात्र शेकडा दीडही नाही. अर्थात आपली मुले बहुतांशी परक्या मालकांच्याच जहाजांवर राहणार. म्हणून करारपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या: भरती करणाऱ्याचा परवाना क्रमांक, जहाजमालकाचे खरे नाव, आणि हमी देणाऱ्या क्लबाचे नाव. जहाजावर पाऊल ठेवताच भिंतीवरील त्या प्रमाणपत्राचे छायाचित्र काढून घरी पाठवावे.

चिटणिसांच्या संमतीने मी भोजनानंतर ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी असे करारपत्र आलेले आहे, त्यांनी ते बरोबर आणावे. मोबाइलवर असल्यास तसेही चालेल. माझे इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, परंतु आता क्लब या शब्दापाशी मी अडत नाही.