बालपणीचा अस्थिभंग



वसंत व्याख्यानमालेत मोडलेल्या हाडांविषयी बोलावे, हे काहींना अरसिकपणाचे वाटेल. परंतु ऋतू या विषयाला अनुकूलच आहे. शाळांना सुटी लागली की आपल्या भंडारा जिल्ह्यातील मुले आंब्याचिंचेच्या झाडांवर असतात. पाऊस पडला की धानाच्या बांध्यांच्या निसरड्या धुऱ्यांवरून धावतात. मूल पडते, पडताना हात टेकते आणि मनगटाजवळ हाड मोडते. प्लास्टर होते, काही आठवड्यांनी निघते, आणि घरातली माणसे ती गोष्ट विसरून जातात. ती विसरू नये, एवढेच आमचे आजचे सांगणे आहे.

मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे असते. पुष्कळदा ते एका बाजूस चिरते व दुसऱ्या बाजूस नुसते वाकते. ते लवकर जुळते, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा संशोधकांनी ती पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत घेतला. बालपणी एकाहून अधिक वेळा हाड मोडलेल्यांना मोठेपणीही हाड मोडण्याचा संभव दुपटीहून अधिक दिसला. अशा स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनताही कमी आढळली. पुरुषांत तसे आढळले नाही. तेथे धाडसी स्वभाव कारण असू शकेल. एकदा हाड मोडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्यांदा मोडले तर विचार अवश्य करावा.

असे का व्हावे? आपल्या मालगुजारी तलावांकडे पाहा. पावसाळ्यात तलाव जेवढा भरला, तेवढ्यावर उन्हाळा काढावयाचा. हाडांचा पावसाळा म्हणजे बालपण व तारुण्याचा आरंभ. विशीच्या सुमारास हा साठा बहुतेक पूर्ण होतो. पुढे खर्चच अधिक. त्यातही वयात येताना हाडांची लांबी झपाट्याने वाढते आणि चुन्याची भर मागे पडते. याच वयात मनगटे अधिक मोडतात.

आपले मुख्य अन्न भात. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि तिळात हजाराहून अधिक. दूध-दही परवडत नसेल तेथे तीळ, शेवग्याचा पाला आणि तलावातील काट्यांसकट खाण्याजोगी बारीक मासोळी यांचा आधार घ्यावा. हे कॅल्शियम अंगी लागावयास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते उन्हात खेळल्याने मिळते.

येथे एक चूक घडते, ती आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. मुलीचा हात मोडला की तिचे खेळणे कायमचे बंद होते, आणि दुधाची वाटी आधी भावापुढे जाते. हाड भार पेलूनच बळकट होते. धावणे, उड्या मारणे बंद केले म्हणजे अपघात टळतो, पण हाड दुबळे राहते. आणि त्याची किंमत ती पन्नाशीनंतर, मासिक पाळी गेल्यावर मोजते. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी मोकळीक दिली की मुलीला पुन्हा मैदानावर पाठवा.

मूल उभ्या जागी पडून, साध्या धक्क्याने हाड मोडले, किंवा पुन्हा मोडले, तर केवळ प्लास्टरवर समाधान मानू नका. आहार, ड जीवनसत्त्व आणि हाडांचा एखादा आजार यांची तपासणी करावयास डॉक्टरांना सांगा. क्ष-किरणांचे चित्र आणि कागद जपून ठेवा. आपण स्वतः मध्यम वयाचे असाल, तर लहानपणी कितीदा हाड मोडले होते हे आपल्या डॉक्टरांना न विचारताही सांगा.

जुळलेले हाड बोलत नाही; त्याच्या वतीने आपण बोलावयाचे असते.